भंगाळेकाकांची चांदणी

माझं वजन चौदा किलोंनी उतरलं, तेव्हा त्याचा आनंद न झालेला माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच निघाला. आमचे शेजारी, भंगाळेकाका.

मंडळाच्या गुढीपाडव्याला मी सहा वर्षांपूर्वीचा सिल्कचा कुर्ता घालून गेलो होतो. माझ्या बायकोला, मेधाला, चार बायकांनी कोपऱ्यात घेतलं होतं, "काय गं, काय खायला घालतेस?" म्हणून. पुरुष माझ्याशी पोट आत ओढून बोलत होते. मी अगदी हवेत होतो. तेवढ्यात हातात पुरणपोळीचं ताट घेऊन काका आले आणि मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"कशाने?"

"रोज चालतो. साखर बंद केली."

"आणि?"

काकांच्या या 'आणि'पुढे भल्याभल्यांना खोटं बोलवत नाही. मी आवाज खाली आणून सांगितलं, "आठवड्याला एक इंजेक्शन असतं. डॉक्टरांनीच दिलंय."

"मग चांदणी लावा," काका म्हणाले आणि पोळीवर तूप वाढून घ्यायला निघून गेले.

चांदणी म्हणजे छापील आकड्याच्या डोक्यावर बारीकशी फुली असते ना, खाली तळटीप आहे हे सांगणारी, ती. काकांच्या मते जगातला कुठलाही पराक्रम तिच्याशिवाय पुरा होत नाही. मंडळाच्या मोदक स्पर्धेत पहिल्या आलेल्या बाईंना त्यांनी हसतमुखाने विचारलं, "पिठी विकतची होती का?" होती. चांदणी. माझ्या मुलीला, ईशाला, प्रायमरीच्या शेवटच्या परीक्षेत उत्तम मार्क मिळाले. आम्ही पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून प्रश्न, "ट्यूशन किती विषयांची?" ईशा वैतागून म्हणाली, "काका, एव्हरीबडी हॅज ट्यूशन, लाह!" काका शांतपणे म्हणाले, "मग एव्हरीबडीला चांदणी." पोरगी दोन दिवस धुमसत होती. मी तर बँकेत व्हाइस प्रेसिडेंट झालो ते घरी सांगायच्या आधी लिफ्टमध्ये काकांनी काढून घेतलं, की वरचा माणूस नोकरी सोडून गेला होता.

आता हे खूळ आलं कुठून? तर बेसबॉलमधून. काका मूळचे जळगावचे. आपल्याकडे पोरं क्रिकेटने वेडी होत असताना हा गृहस्थ कॉलेजात बेसबॉल खेळत होता. चेंडू टोलवून थेट कुंपणाबाहेर घातला की होम रन, आपल्या सिक्सरसारखंच. काकांनी आयुष्यात एकच होम रन मारला. तो सांगतानासुद्धा शेवटी स्वतःच म्हणतात, "पण वारा पाठीशी होता. चांदणी."

अमेरिकेत संध्याकाळी दिवे लावून सामने सुरू होतात, तेव्हा आमच्या बुकित बातोकला सकाळचे सात वाजलेले असतात. काका आंघोळ करून, कपाळाला गंध लावून टीव्हीसमोर बसतात. मांडीवर लांबोडकी वही, हातात दोन पेनं. निळं आकड्यांसाठी, लाल चांदण्यांसाठी. त्या वहीत तिकडच्या मोठमोठ्या फटकेबाजांची नावं आहेत, त्यांच्या होम रनांचे आकडे आहेत आणि ज्यांनी स्टिरॉइडची इंजेक्शनं घेऊन दंड भोपळ्याएवढे केले त्यांच्या डोक्यावर लाल चांदण्या आहेत.

मी एकदा म्हटलं, "काका, एवढी चीड आहे तर खोडून टाका ना नावं."

काका असे दचकले, जणू मी त्यांची वहीच फाडायला मागितली. "खोडायचं? अहो प्रसादराव, चेंडू कुंपणाबाहेर गेला ना? हजारो लोकांनी पाहिला ना? खोडलं तर आपण खोटारडे. आणि नुसतंच ठेवलं तर तो खोटारडा. म्हणून चांदणी! सुईने दंड फुगतो, पण येणारा चेंडू दिसायला नजर लागते, ती सुईत मिळत नाही. जे त्याचं ते त्याचं. जे सुईचं ते खाली लिहायचं."

"आणि त्याच्या आधीचे? ते तर स्वच्छ होते."

"कुठले! ते तरतरीच्या गोळ्या घेऊन उतरायचे. त्याच्याही आधी तर काळ्या लोकांना मैदानातच येऊ देत नव्हते. निम्मे चांगले गोलंदाज बाहेर बसवून केलेला विक्रम! त्याला तर भली मोठी चांदणी."

खालच्या कॉफीच्या टपरीवरचे लिम अंकल हे ऐकून ऐकून आता स्वतःच कप ठेवताना म्हणतात, "मिस्टर भंगाळे, टुडे हू गेट द स्टार?"

माणूस छळवादी आहे, यात शंका नाही. पण खरं सांगू? मला तो मनापासून आवडतो. तीस वर्षं त्यांनी आंग मो किओच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळला. केसाच्या जाडीएवढी चूक असलेला माल त्यांच्या टेबलावरून पुढे गेला नाही. साहेब ओरडले, गिऱ्हाईक ओरडलं, काका ढिम्म. असा माणूस शेजारी असला की आपण थोडे तरी सरळ वागतो. निदान लिफ्टमध्ये तरी.

त्या काकांच्या घरात गेल्या वर्षी स्टिरॉइड शिरलं.

शैलाकाकूंच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. चार पावलं चाललं की धाप. काकू म्हणजे मंडळातल्या बायकांचा आधार. चाळीस वर्षं ब्लाऊज शिवतायत. नुसतं बघून माप सांगतात, टेप उगाच गळ्यात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि नाव ऐकून काका खुर्चीतून पुढे आले. "स्टिरॉइड? दंडांसाठी घेतात ते?" त्या हसल्या. म्हणाल्या, ते वेगळं, हे सूज उतरवणारं. पण काकूंना तेवढं पुरे होतं. टॅक्सीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "घ्या! आता माझ्या डोक्यावर पण चांदणी." एरवी काकांनी लगेच उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघत बसले.

काकूंची एकच मागणी होती. जळगावला जायचं. थोरली बहीण, सुमनताई, ऐंशीच्या पुढची, आता तिला दिसत नाही. थंडीत तिच्या मळ्यात वांगी भाजायची, भरीत करायचं, कळण्याच्या पुऱ्या तळायच्या आणि दोघींनी एका ताटात जेवायचं. "यंदा नाही तर मग नाहीच," काकू म्हणायच्या. डॉक्टरीणबाईंनी अट घातली. सप्टेंबरात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटांत तीनशे मीटर चालून दाखवा, मग विमानाचं बोलू.

झालं! काकांनी आमच्या मजल्यावरचा कॉमन कॉरिडॉर ताब्यात घेतला. एक पिवळी पट्टी त्यांच्या दारासमोर चिकटवली, दुसरी बरोब्बर दहा मीटरवर, माझ्या दाराजवळ. रोज सकाळी काकू या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत चालायच्या, काका घड्याळ धरून खेपा मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचे. पहिला आठवडाभर अडीचशेच्या पुढे काही गाडी सरकेना. मग एके दिवशी एकदम तीस खेपा. तीनशे! काकूंनी शिरा केला, आमच्याकडेही वाटीभर आला. त्यानंतर रोज तीनशे. मजला खूश.

माझ्या लक्षात आलं ते शू रॅकमुळे. शिऱ्याच्या सुमारास ती दुसरी पट्टी माझ्या शू रॅकच्या बरीच अलीकडे होती. महिन्याभराने बघतो तर रॅकच्या पायाखाली निम्मी गडप. रॅक जागचा हलला नव्हता. म्हणजे पट्टी चालत होती!

माझ्या चौदा किलोंचा राग अजून गेला नव्हता, हे कबूल करतो. मी ड्रिलच्या पेटीतला स्टीलचा टेप काढला आणि ओणवा होऊन मोजलं. नऊ मीटर वीस. सापडला! जगाला चांदण्या वाटणारा माणूस स्वतः ऐंशी सेंटिमीटर खातोय! मी तसाच टेप घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "काका, चांदणी लावा!"

आत सामना चालू होता. काका टेप बघून ताडकन उठले, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

"हळू बोला. ती देवापाशी आहे. किती भरलं?"

"नऊ वीस."

"बरोबर," काका म्हणाले. "आज नऊ वीसच पाहिजे."

मला काही कळेना. काकांनी मला लिफ्टपाशी नेलं.

"पहिल्या आठवड्यात खरे दहा होते. अडीचशेला येऊन ती भिंतीला टेकायची. सहाव्या दिवशी म्हणाली, राहू द्या, सुमनताईला फोनवरच बोलेन. अरे भो, तिने शिवणाच्या मशीनवर कापड टाकून झाकून ठेवलं." इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून 'प्रसादराव' गेलं आणि जळगावचं 'भो' आलं, ते तेव्हा पहिल्यांदा. "मग मी पट्टी दीड मीटर अलीकडे आणली. तीस खेपा झाल्या. तिला वाटलं, तीनशे. तेव्हापासून रोज सकाळी दोन सेंटिमीटर पुढे सरकवतो. खेपा तीसच, अंतर वाढतंय. टेस्टच्या दिवशी पुरे दहा होतील. तिला कळणार नाही आणि पाय तयार असतील."

"आणि नाही झाले तयार तर?"

काकांनी चष्मा काढला. "तर मी तिला दोन महिने खोटी आशा दाखवली. हे कुठल्या पेनाने लिहू, सांगा."

माझा टेप हातातल्या हातात खट्टकन मिटला. मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी शू रॅक घरात घेतला. मेधाने विचारलं तर म्हटलं, टाउन कौन्सिलची नोटीस येते हल्ली. पुढे चार दिवस काकांचे गुडघे आखडले, तेव्हा पट्टी मी सरकवली. तर हा भला माणूस भिंत धरून उभा आणि कुजबुजतोय, "प्रसादराव, अर्धा मिलिमीटर जास्त झाला!"

टेस्टच्या सकाळी मीही रजा टाकून गेलो. काकू आत गेल्या आणि काका बाहेर बाकावर बसले. वही आणली होती, उघडली नाही. सहा मिनिटं मी आयुष्यात पुष्कळ घालवली आहेत, पण इतकी लांब कधीच नाही. दार उघडलं. काकूंचा चेहरा लाल, श्वास वरखाली, आणि मागून डॉक्टरीणबाई, "थ्री हंड्रेड अँड सिक्स!" काका उठायला गेले ते उठलेच नाहीत. बाकावरच तोंडावर वही धरून बसले.

घरी आलो. तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सामना लागला होता. काकू पाणी प्यायल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "अहो, वही द्या. लाल पेन पण."

काकांना कळायच्या आत त्यांनी पान उघडलं आणि त्या शिऱ्याच्या दिवसापासून रोजच्या तीनशेवर एकेक चांदणी काढायला सुरुवात केली. सावकाश, टाका घातल्यासारखी.

"शैला..."

"चाळीस वर्षं ब्लाऊज शिवलेत मी. अर्धा इंच चुकला तर दुरून कळतं. तुम्ही दीड मीटर ढापलात आणि मला कळणार नाही?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते रे. सामना ऐन रंगात सोडून हे आपले वाकतायत, गुडघे धरतायत, मोजतायत. म्हटलं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं मोजतोय, ते माझ्यासाठी. मग बसून कशी राहू? चालले."

काकू चांदण्या काढत काढत शेवटच्या आकड्यापाशी आल्या. तीनशे सहा. पेन तिथे थांबलं.

"आणि ह्याला? गोळ्या होत्या ना."

काकांनी पुढे वाकून त्या आकड्यावर अख्खा तळवा ठेवला.

"ह्याला नाही."

"का? नियम म्हणजे नियम."

"ह्याला नाही म्हटलं ना, शैला."

मी घसा साफ करून म्हटलं, "काका, मग माझ्या चौदा किलोंचं पण..."

"त्याला राहणार," काका म्हणाले. तळवा काढला नाही.

काकू हसता हसता खोकल्या, खोकता खोकता त्यांनी तो तळवा धरला. त्याच वेळी टीव्हीवर एकच गलका झाला. कुणीतरी चेंडू सणसणीत टोलवला होता, तो कुंपणाबाहेर कुठल्या कुठे गेला, समालोचक बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मी वहीकडे बघितलं. निळं पेन खाली जमिनीवर पडलं होतं. काकांनी मान वर केली नाही. तो होम रन कुणाचा होता, ते त्यांच्या वहीत आजही नाही.