बसून बघा!

आमच्या बिल्डिंगमधल्या पगारेमावशी उभ्या माणसाशी बोलत नाहीत. निरोप कितीही घाईचा असो, त्यांचं ठरलेलं, "आधी बसा. मग बोला." एकदा विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी जिन्याच्या पायरीवर बसवलं. मीटर भिंतीवर उंच, बसून त्याला आकडे दिसेनात. "मग उभं राहून वाचा आणि बसून लिहा," हा तोडगाही त्यांनीच काढला.

जगातल्या नोकऱ्या त्यांच्या लेखी दोनच प्रकारच्या, बसकी आणि उभी. माझी ऑफिसातली नोकरी बसकी, त्यामुळे माझ्या कंबरदुखीला त्यांच्याकडे काडीची किंमत नाही. कुणाच्या मुलीला स्थळ सांगून आलं की यांचा पहिला प्रश्न, "मुलगा बसून काम करतो का उभ्यानं?" एवढंच काय, घरातल्या बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावताना एकदा मला म्हणाल्या, "तथागत बसले म्हणून तर शांत झाले, ताई. उभ्यानं कुणाला ज्ञान होतंय?"

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. अंबडच्या रस्त्याला मोठा मार्ट झालाय, तिथे त्या कामाला आहेत. तिथे पिठामिठापासून टीव्हीपर्यंत सगळं मिळतं, फक्त कामगाराला टेकायला जागा मिळत नाही. बसलेला माणूस आळशी दिसतो, असं हेड ऑफिसचं मत. आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, बाहेर पडताना पिशवीची झडती द्यायची, आणि यायला जरा उशीर झाला की अर्धा दिवस कापला. पगार येतो ठेकेदाराच्या हातून, म्हणजे वाटेत आणखी आटून. "आडनावात हाय तेवढाच पगार," असं मावशी म्हणतात आणि मनापासून हसतात. मला मात्र हसू येत नाही. एवढा चकचकीत मार्ट, आणि यांना एक स्टूल जड होतं?

मावशींनी त्यावर आपल्यापुरता उपाय शोधला होता. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या सामानाचा विभाग होता. बादल्या, टब आणि मुख्य म्हणजे खुर्च्या. गिऱ्हाईक आलं की मावशी एक खुर्ची ओढून त्याला बसवत आणि दुसरी ओढून स्वतः बसत. "बसून बघा. माझं वजन बघताय ना? हिला काय झालं का?" गिऱ्हाईक उठू लागलं की त्याला हातानं थोपवत. "लगेच नका उठू. खुर्ची जरा वेळानं कळती." त्यांचे पाय मोकळे होईपर्यंत खुर्ची कळत राहायची. खुर्च्या धडाधड खपू लागल्या. मॅनेजरनं खूश होऊन मावशींना महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी केलं आणि त्यांचा फोटो लावला. फोटो उभ्यानं काढला, एवढीच मावशींची तक्रार होती.

मग रुपालीचं प्रकरण झालं. रुपाली इगतपुरीकडची पोर, बिलाच्या काउंटरवर उभी असायची. सातवा महिना लागला तसे तिचे पाय सुजून चपलेत मावेनात. बाळंतपणाची भरपगारी रजा लागायला अजून अवकाश होता, आणि त्याआधी स्वतःहून काम सोडलं तर रजाही नाही आणि नोकरीही नाही. तिनं स्टूल मागितलं. मॅनेजर म्हणाला, "गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही. पॉलिसी आहे."

मावशी लांबून हाका मारू लागल्या, "रुपाली, या खुर्चीचा बारकोड लागत नाय, जरा ये!" रुपाली आली की तिला खुर्चीत बसवायच्या आणि आपण बारकोड शोधत राहायच्या. ते कॅमेऱ्यात दिसलं आणि बंद झालं. तेव्हा मावशींनी काय करावं? ड्युटी सुरू व्हायच्या आधी स्वतःच्या पैशानं मार्टमधली एक खुर्ची विकत घेतली आणि रुपालीच्या काउंटरमागे नेऊन ठेवली.

मॅनेजर धावत आला. "मावशी, हे काय?"

"खुर्ची."

"दुकानातला माल वापरता येत नाही."

"दुकानाचा नाय, माझा हाय. ही बघा पावती. आता माझ्या खुर्चीत कोण बसंल, ते तुम्ही ठरवायचं का मी?"

बिचाऱ्यानं पावती उलटसुलट करून पाहिली. हेड ऑफिसनं कामगारांबद्दल सगळा विचार केला होता, पण कामगारच गिऱ्हाईक झाला तर काय, हे कुठे सांगितलं नव्हतं. तेवढ्यात रांगेतले एक आजोबा कडाडले, "अहो, बसू द्या की तिला! बिल काय पायानं करते का ती?" सगळी रांग हसली. मॅनेजर टाय सारखा करत निघून गेला, आणि रजा लागेपर्यंत रुपालीनं बसून बिलं केली.

मावशींना मात्र खुर्च्यांवरून काढून दारात उभं केलं. येईल त्याला हात जोडून म्हणायचं, "नमस्कार, आपलं स्वागत आहे." मला भयंकर संताप आला. मी त्यांना म्हटलं, तक्रार करा, मी लिहून देते. "राहू द्या ताई," त्या म्हणाल्या, "पोरीची रजा लागली ना?"

मग जरा अडखळत म्हणाल्या, "एक काम होतं. रुपालीला तुमचा नंबर दिलाय. माझा फोन दिवसभर कुलपात असतो. तसा मला कुणाचा येत नाय म्हणा. सांजच्याला बाहेर काढते, तर मिस कॉलबी नसतो. पण बाळ झाल्याचा हा येईल. आला की मला तेवढं सांगा."

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हे मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून त्या रिकाम्या फोनबद्दल ऐकून गलबलून आलं.

एका दुपारी रुपालीच्या नवऱ्याचा फोन आला. मी ऑफिसातून तशीच रिक्षा करून मार्ट गाठला. मावशी दारात उभ्या होत्या आणि मॅनेजर पलीकडेच होता. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, "मुलगी झाली. दोघी छान आहेत."

मावशींचे डोळे भरले. पण तिथे ते पुसायची सोय नव्हती, कॅमेरा नेमका दारावर. त्यांनी हात जोडले, मान लववली आणि कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, आपलं स्वागत आहे."

मी मागे वळून पाहिलं. दुसरं कुणीच आत येत नव्हतं.