सादिकमियाँचं पहिलं खोटं

अकोल्याहून शहाजादीला मागणी घालायला पाहुणे यायचे होते आणि तिच्या आईला, रजियाबीला, पाहुण्यांपेक्षा नवऱ्याचीच धास्ती जास्त होती.

नवऱ्याचं नाव सादिक. अरबीत सादिक म्हणजे खरं बोलणारा. सातव्या दिवशी नाव ठेवताना आजोबांनी बजावलं होतं, "कयामतच्या दिवशी याच नावानं हाक येईन, बाबू. नावाले जाग." सात दिवसांच्या बाळानं ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या चाळीस वर्षांत त्यानं एक खोटा शब्द काढला नाही. अमरावतीच्या बाजारात तो कापूस तोलणारा मापारी होता. अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस अडला होता, इथल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते, गाड्यांची रीघ लागायची, पण शेतकरी सादिकच्याच काट्यासाठी ताटकळत. घरात मात्र याच गुणानं मुलीची दोन स्थळं घालवली होती. "पोरगी सैपाकात कशी हाय?" या प्रश्नाला बाप "कच्ची हाय" म्हणाला होता. दोन्ही वेळा.

हे तिसरं स्थळ त्याच्या काट्यावर भरवसा असलेल्या सूर्यभान पाटलानं आणलं होतं.

"मटणाचं सालन मी रांधून राहिली," रजियाबी म्हणाली. "विचारलं तं शहाजादीनं रांधलं म्हना. बस, येवढंच."

"अन् कयामतच्या दिवशी?"

"कयामत दूर हाय. अकोल्याची गाडी आज येऊन राहिली!"

सादिकनं मुलीकडे पाहिलं. हेही स्थळ गेलं तर चौथं कोण आणणार? तो कबूल झाला.

तालीम सुरू झाली. रजियाबी चुलीपासून दारापर्यंत यायची आणि "बोला!" म्हणायची. तो "शह... शहाजादीनं" म्हणून घाम पुसायचा. ती कपाळावर हात मारून परतायची, मीठ टाकलं की नाही ते आठवायचं नाही, म्हणून पुन्हा टाकायची. अशा सात तालमी झाल्या.

दुपारी पाहुणे जेवायला बसले. सूर्यभान बाजूला सुपारी कातरत होता. अकोल्याचे कापसाचे व्यापारी रहमतुल्लाशेठ यांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी त्यांचा मुलगा कुर्बान मान खाली घालून गुमान जेवत होता. पडद्याआड रजियाबीनं बोट बुडवून सालन चाखलं आणि ती मटकन खाली बसली. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती फटीतून हातवारे करू लागली. सादिकला वाटलं, बायको धीर देते आहे.

"सादिकमियाँ," पाण्याचा तिसरा पेला संपवत शेठ म्हणाले, "कोनं रांधलं हे?"

सादिकनं डोळे मिटले. "शहाजादीनं!"

चाळीस वर्षांतलं पहिलं खोटं, आणि एक अक्षर अडखळलं नाही.

"सादिकभाई बोलला म्हंजे काळ्या दगडावरची रेघ!" सूर्यभाननं ग्वाही दिली.

शेठनी ताट सरकवलं. तेव्हा कुठे सादिकनं घास तोंडात घातला आणि त्याला घेरी आली. "नाई, नाई! मी खोटं बोललो. तिच्या अम्मीनं रांधलं!"

शेठना हेच खोटं वाटलं. "राहू द्या," ते म्हणाले. "पोरीसाठी बाप खोटं बोलते, समजते मले. पन तुमी तं सादिक ना?"

तेवढ्यात पडद्याआडून मोकळं हसू फुटलं. रजियाबीनं तोंड दाबायच्या आत शहाजादी बोलून गेली, "अब्बा, जलमात एक डाव खोटं बोलले, अन् तेबी माह्यावरच!"

कुर्बाननं मान वर केली. बराच वेळ तो पडद्याकडे पाहत राहिला. मग त्यानं ताट पुढे केलं. "मले अजून वाढा."

"पागल झाला का?" शेठ ओरडले.

"तुमीच नाव कुर्बान ठेवलं ना, अब्बा?"

"म्हंजे काय?" सूर्यभाननं विचारलं.

"दुसऱ्यासाठी जीव ओवाळून टाकनारा," सादिक म्हणाला. हे खरं असल्यामुळे त्याला फार बरं वाटलं.

शेठनी उसासा टाकला. "बरं, हे अम्मीनंच रांधलं. आता एकच खरं सांगा. पोरगी सैपाकात कशी हाय?"

रजियाबीनं पडदा घट्ट धरला. सादिकला कयामतची हाक स्पष्ट ऐकू आली.

"कच्ची हाय."

"येच्याहून कच्ची?" शेठनी घाबरून मुलाकडे पाहिलं.

कुर्बाननं घास गिळला. पाण्याला हातही लावला नाही.

"कबूल हाय," तो म्हणाला.