बाळीवेशीहून ला पाझला

सोलापुरातली मे महिन्यातली दुपार. रस्त्यावरचं डांबर इतकं मऊ झालं होतं की चप्पल उचलताना चटचट आवाज यायचा. गल्लीतली कुत्रीसुद्धा गटारात पोट टेकून पडली होती. आणि आमच्या समोरच्या दारात साठीचे एक गृहस्थ अंगात लोकरीचा स्वेटर, कानांवरून घट्ट मफलर अशा थाटात उभे होते. घाम नाकाच्या शेंड्यावरून ठिबकत होता.

मी नुकताच विमा कंपनीच्या कचेरीत बदलून आलो होतो. बाळीवेशीतल्या त्या गल्लीत बिऱ्हाड मांडून चार दिवस झाले नव्हते. मी घाबरून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"ला पाझला निघालोय," ते म्हणाले. "थंडी लई हाय तितं."

आणि शांतपणे आत निघून गेले.

हे ब्राझीलअण्णा. खरं नाव दत्तोबा, पण त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःच इकडेतिकडे बघत. आयुष्यभर जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दहाबारा वर्षांपूर्वी कोणा बड्या व्यापाऱ्यानं गीर जातीचे वळू जहाजातून ब्राझीलला धाडले, तेव्हा त्यांच्या औषधपाण्यासाठी अण्णा आणि मोहोळचे एक काशिनाथ असे दोघे बरोबर गेले. वर्षभरानं परत आले. गल्लीच्या मते वळू पोहोचले, अण्णा मात्र अजून वाटेतच होते.

कुठलाही विषय काढा, अण्णा दक्षिण अमेरिकेत उतरत. बहात्तरच्या दुष्काळात नळाला दोन दोन दिवस पाणी नसायचं. बायका घागरी घेऊन रांगेत ताटकळत आणि अण्णा तिथे उभे राहून सांगत, "हितं तीन वर्षं पाऊस न्हाई म्हणून वरडताय. अटाकामाच्या वाळवंटात जावा की! माणसं जलमून म्हातारी व्हत्यात, थेंब न्हाई पडत." एका बाईनं रिकामी घागर उगारली, तेव्हा अण्णा पेरूमार्गे घरी आले.

अर्जेंटिनाच्या राजधानीला ते 'बोनस आयरिस' म्हणत. शेजारी कापडगिरणीत मागावर काम करणारे साचेवाले राहायचे. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्यापुढे हे नाव निघालं, तर एकजण कान टवकारून म्हणाला, "तितं बोनस किती टक्के देत्यात?" अण्णा गोंधळले, पण हरले नाहीत. "भरपूर," म्हणाले. पुढं आठवडाभर गिरणीच्या फाटकावर त्या गावाची चर्चा होती.

गंमत सगळ्यांनाच वाटे, पण थांबून ऐकायला सवड कोणाला? अण्णा कोपऱ्यावर दिसले की सायकलवाले पायडलवर जोर देत. पिठाच्या गिरणीतला तर पट्ट्याचा आवाज वाढवायचा. अण्णा तोंड उघडून तसेच उभे राहत आणि मग शेजारच्या म्हशीला गोचीड झालीय का ते बघत.

माझ्याकडे ते येत ते इंग्रजीसाठी. रोज दुपारी ते वाचनालयात जाऊन कसलीशी जाड पुस्तकं चाळत आणि अडलेला शब्द तळहातावर शाईनं लिहून आणत. एकदा हात पुढे करून म्हणाले, "साहेब, 'थिन एअर' म्हंजी काय हो?"

"विरळ हवा. पातळ म्हणा."

"पातळ? हवा काय आमटी हाय का?"

डोकं हलवत गेले. गल्ली इतकी अरुंद होती की त्यांच्या खिडकीतलं बोलणं आमच्या ओट्यावर ऐकू यायचं. त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी ओट्यावर बसलो होतो. समोरून अण्णांचा आवाज आला, "तर काय झालं, स्टेशनात उतरलो आन् तुला धाप लागली. हवाच तशी गं तितली. पातळ. आपल्या आमटीवानी."

"माझी आमटी कवा पातळ व्हती?" बाईचा आवाज. अडखळता, पण ठसक्यातला.

"तुझी न्हाई गं. मी करतोय ती, आताची."

"ती व्हय. ती हाय पातळ."

त्या चंद्राकाकू, अण्णांच्या पत्नी. चार वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि खिडकीखालच्या खाटेवर त्या आडव्या झाल्या त्या झाल्याच. मूलबाळ नव्हतं. अण्णा त्यांचं सगळं करत, न्हाऊमाखू घालण्यापासून भाकरी कुस्करून भरवण्यापर्यंत. आणि दिवे लागले की रोज दोघं प्रवासाला निघत. अण्णांच्या गोष्टीत काकू कायम बरोबर असायच्या. रिओला समुद्राच्या वाळूत त्यांचं जोडवं हरवलं होतं. टिटिकाका सरोवरात गवताच्या होडीत बसायला त्या भ्याल्या होत्या. उंच डोंगरावरच्या ला पाझ शहरात त्यांना थंडी वाजली म्हणून अण्णांनी आपला मफलर त्यांना दिला, आणि ती थंडी नुसती सांगून भागेना म्हणून भर मे महिन्यात स्वेटर-मफलर चढवूनच ते खाटेशी बसले होते.

काकू मुकाट्यानं हिंडणाऱ्या नव्हत्या. अण्णा एकदा म्हणाले, "ह्या शेंगा हायत ना, त्या मूळच्या तिकडच्याच. मिरचीबी. बटाटाबी."

"शेंगा सोलापूरच्या," काकू म्हणाल्या.

"अगं, पुस्तकात..." अण्णा थबकले. "म्हंजी, तिकडच्या माणसानं सांगितलं मला."

"सगळं हिकडं धाडलं, मग ती माणसं काय खात्यात आता?"

मी ओट्यावर तोंडावर हात धरून हसत होतो. हसता हसता माझ्या ध्यानात आलं की ज्या माणसानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय, त्याला वाचनालयात जायची काय गरज? पण मी ते मनात ठेवलं. सुधाजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, एकदा म्हणालो. ती रोज सकाळी काकूंची वेणी घालायला जात असे. तिनं नुसतं "असेल" म्हटलं आणि कुकरची शिटी काढली.

त्या वर्षी थंडीत काकूंनी अन्न सोडलं. डॉक्टर येऊन गेले, सुईही देऊन झाली. दिवे लागले की प्रवास मात्र चालू होता. तेव्हा दोघं इकितोस नावाच्या गावी ॲमेझॉन नदीच्या बोटीत बसले होते. अण्णांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दोन्ही अंगाला रान हाय बघ. पाण्यात गुलाबी मासे हायत, माणसाएवढे."

"हळू चालवा," काकू म्हणाल्या. "घाई काय हाय."

दोन दिवसांनी सकाळी त्या गेल्या.

दिवस झाले, आलेले चार नातेवाईक बार्शीला परत गेले. त्यानंतर अण्णा बोलायचेच थांबले. ब्राझील नाही, पेरू नाही. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतल्यानं एक दिवस आपण होऊन विचारलं, "काय अण्णा, कुटवर आलाय?" अण्णा दळणाचा डबा तिथंच सोडून निघाले. मीच पीठ नेऊन दिलं. लोकांना चुकल्यासारखं वाटू लागलं होतं. इतकी वर्षं ज्यांनी सायकली पळवल्या, तेच आता अण्णांपाशी येऊन हळू करत; पण अण्णा वर बघत नसत.

एका रविवारी संध्याकाळी ते आमच्याकडे आले. उंबऱ्यापाशीच उभे राहिले. सुधानं पाट दिला, चहा ठेवला. कप हातात धरून म्हणाले, "साहेब, एक सांगायचंय. तुमी शिकलेली माणसं. मरत्या माणसाशी खोटं बोललं तर काय व्हतं?"

मी माझा पाट त्यांच्याजवळ सरकवला.

"मी काय बी बघितलेलं न्हाई," ते म्हणाले. "बंदरात उतरलो. तितनं लारीनं गोठ्यावर. वर्षभर वळूंच्या जखमा धुतल्या, शेण बघितलं. एक वळू मेला तवा रडलो. रिओ न्हाई, धबधबा न्हाई, काय न्हाई. परत आलो, तर हिनं विचारलं, काय काय बघितलं? वर्षभर एकटी राहिलेली बाई, तिला गोठा कसा सांगू? म्हणून एक डोंगर सांगितला. मग एक शहर. मग ती खाटेवर पडली. खिडकीतनं समोरची भिंत तेवढी दिसायची तिला. मग सांगतच गेलो. रातचं सांगायचं ते दिवसा गल्लीत म्हणून बघायचो. लोक ज्याला हसले तेवढं गाळायचो. हिला कळू नये म्हणून." त्यांनी कप खाली ठेवला. "शेवटपतुर फसवली की हो मी तिला."

सुधा चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती वळली.

"अण्णा, काकूंना ठाऊक होतं."

अण्णांनी मान वर केली.

"मोहोळच्या काशिनाथांच्या बायकोनं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही परत आलात त्याच महिन्यात. मला वेणी घालताना म्हणाल्या. गळ्याची शपथ घातली होती, कोणाला बोलायचं नाही म्हणून. आज मोडते." सुधानं काकूंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "म्हणाल्या, 'ह्यांनी काय बघितलंय गं, बंदर आन् गोठा. पण मी तिकडचं इचारलं न्हाई की माझ्या लुळ्या हाताकडं बघत बसत्यात आन् डोळं भरून येत्यात. त्यापरीस हिंडू दे की त्यास्नी. मलाबी बरं वाटतं.'"

चहावर साय धरली. मी सुधाकडे पाहिलं, तिनं डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं.

"माचूपिचूच्या डोंगरावर पायऱ्या चढताना," ते शेवटी म्हणाले, "म्हणाली व्हती, 'दमले, जरा टेकूया.' मी टेकलो. लई वेळ टेकलो. काय बोललो न्हाई, तीबी न्हाई." ते थांबले. "ठावं व्हतं तिला?"

"हो."

"ठावं असून आली की हो माझ्यासंगं."

ते उठले. मी दारापर्यंत गेलो. समोर त्यांच्या दाराला कुलूप होतं. आत सदानकदा काकू असायच्या, त्यामुळे त्या दाराला कुलूप मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. अण्णांच्या हाताला किल्लीची सवय नव्हती. बराच वेळ ते कुलपाशी झटत राहिले.