गोगट्यांचं साहित्य मुंबईला जातं

मुंबईच्या एका नाट्यसंग्रहालयाने विश्वंभर गोगट्यांचे कागद मागवले. नाटकांची हस्तलिखितं, मालिकांच्या संहिता, कात्रणं, सगळी कारकीर्द. त्या दिवसापासून हरिहरेश्वरच्या घरात विश्वंभरराव बायकोशीसुद्धा मुलाखत दिल्यासारखे बोलू लागले.

कागद भरायला घरात आंब्याच्याच पेट्या होत्या. त्याच टेंपोने निर्माता अल्पेश शहाला आंबेही जायचे होते. अल्पेशला विश्वंभरराव निरक्षर समजत. पण तो हल्ली वेबसिरीज काढत होता, आणि निरक्षराला निदान आंबा तरी कळतो, असं त्यांचं मत होतं.

"अहो, आधी नावं घाला, मग पेट्या ठोका," सुचित्राबाई म्हणाल्या.

"वीस-वीस पात्रं नाचवलीयत मी रंगमंचावर! चार पेट्यांचं काय घेऊन बसलीस?"

खिळे ठोकून झाल्यावर त्यांनी झोकदार अक्षरात नावं घातली. टेंपोवाला सदा पेट्या घेऊन दिघीच्या फेरीबोटीकडे निघून गेला.

दोन दिवसांनी संग्रहालयातल्या क्षिप्राचा फोन आला. "सर, तुमचं पोचलं. समितीला प्रचंड आवडलं!"

"एवढ्यात संपवलं?"

"बैठकीतच! अध्यक्ष तर बोटं चाटत होते."

"जुनी माणसं पानं अशीच उलटतात," विश्वंभररावांनी फोनवर हात ठेवून बायकोला समजावलं.

"खालच्या थरातले दोन-तीन नासके निघाले," क्षिप्रा म्हणाली, "पण तेवढं चालायचंच."

विश्वंभररावांनी घाईघाईने फोन ठेवला. लगेच त्यांनी अल्पेशला फोन लावला.

"काय विश्वंभरभाई, आंबा बोलून रद्दी पाठवली?"

"कुठे आहेत कागद? फेकले नाहीस ना?"

"छे! पेटी खोलली, वरतीच तुमची स्टोरी दिसली. लगेच बंद केली. एक पान नाय वाचला, कसमसे!"

कारकीर्द वाचली होती, कारण ती कोणी वाचली नव्हती. विश्वंभररावांनी घाम पुसला आणि क्षिप्राला सगळा घोटाळा सांगून टाकला.

"अच्छा, कागद होते होय!" ती जरा हिरमुसली. "त्यांचं समिती पुढच्या वर्षी बघेल, सर. सध्या जागा नाहीये. पण अध्यक्ष विचारत होते, अजून दोन पेट्या मिळतील का?"

विश्वंभररावांच्या ओठांवर सणसणीत उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "अध्यक्षांना म्हणावं, उद्याच पाठवतो," ते म्हणाले.

सुचित्राबाईंनी आंबे उतरवायचा झेला आणून त्यांच्या हातात दिला.

"चला," त्या म्हणाल्या, "तुमचं उरलेलं साहित्य झाडावर आहे."