काठीतल्या नऊ दाढा

फॉर्मवरच्या सातव्या प्रश्नापाशी अण्णांचे पेन थांबले आणि शेजारी उभा असलेला जावई पुढे वाकला.

‘प्राण्यांच्या अवयवांपासून केलेली कोणतीही वस्तू जवळ आहे काय?’

विमानातून उतरलेली शे-दीडशे माणसे त्या जागी न वाचताच ‘नाही’ लिहून मोकळी झाली होती. पण अण्णा चाळीस वर्षे हेडमास्तर होते. त्यांनी चष्मा पुसला, प्रश्न दोनदा वाचला आणि वळणदार अक्षरात लिहिले : ‘होय. हातातील काठीची मूठ. अस्सल हस्तिदंत. वडिलोपार्जित. नग एक.’

“अण्णा, ‘नाही’ लिहा ना,” जावई हळूच म्हणाला.

“का?”

“सगळे तेच लिहितात.”

“सगळे खोटं लिहितात म्हणून मीही लिहू? या वयात, जावईबापू?”

‘नाही’ हेच खरे होते. पण त्या सबंध हॉलमध्ये ते एकट्या जावयालाच ठाऊक होते.

हा जावई धंद्याने कवळ्या करणारा. माणूस भेटला की आधी त्याचे दात बघायचा आणि मग चेहरा. लग्नाला वर्षही झाले नव्हते तेव्हा अण्णांनी काठीची मूठ सैल झाली म्हणून मोठ्या विश्वासाने ती त्याच्या हाती दिली होती. “तुमचा हात बारीक कामाचा. जपून हं, माझ्या वडिलांची आठवण आहे.” त्याने इतके जपून ती शिकंज्यात आवळली की मुठीचे कट्‌दिशी दोन तुकडे झाले. घाबरून त्याने ते नीट पाहिलेही नाहीत. प्लास्टरमध्ये साचा घेतला, तुकडे कागदात गुंडाळून फेकून दिले आणि कवळीच्या दातांची पांढरी पावडर कालवून नवी मूठ ओतली. जुनेपणा यावा म्हणून ती चहाच्या पाण्यात उकळली. तरी हाताला हलकी लागत होती, म्हणून पोटात चिनीमातीच्या उरलेल्या नऊ दाढा भरल्या. अण्णांनी ती मूठ गालाला लावून पाहिली आणि म्हणाले, “बघा, अस्सल हस्तिदंत असा थंड लागतो.”

तेव्हाच सांगितले असते तर दोन शब्द ऐकून सुटला असता. पण सांगायचे राहून गेलेले खरे हे अवघडलेल्या पायासारखे असते. जितका वेळ बसून राहाल तितके उठणे कठीण. बघता बघता एकतीस वर्षे झाली.

आणि आता तीच काठी घेऊन अण्णा आक्काला भेटायला आले होते. आक्का त्यांची थोरली बहीण, वय ब्याण्णव. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवले. दृष्टी अधू झालेली. तिने फोनवर एकच मागणे मागितले होते : “बाळ, डोळे मिटायच्या आत बाबांची काठी एकदा हातात दे.” काचेच्या दारापलीकडे, चाकाच्या खुर्चीत बसून, ती या क्षणी वाट पाहत होती.

काउंटरवरच्या कस्टमच्या बाईंनी फॉर्म वाचला आणि पेन खाली ठेवले.

“आजोबा, हस्तिदंत आणायला बंदी आहे. काठी जप्त होणार. शिवाय खटला.”

“ही माझ्या वडिलांची आहे.”

“कागद आहेत?”

“कागद नाहीत, इतिहास आहे,” अण्णा म्हणाले आणि ताठ उभे राहिले. “एका राजाचा हत्ती चिखलात रुतला होता. शंभर माणसं ओढून थकली. माझे वडील सात दिवस त्याच्या कानात गात बसले, तेव्हा आठव्या दिवशी तो आपला आपण उठला. पुढे हत्ती म्हातारा होऊन गेला, आणि राजानं त्याच्या दाताचा तुकडा स्वतः आणून—”

“मागे रांग आहे, आजोबा.”

अण्णांची लेक पुढे झाली. “मॅडम, बाहेर आत्या बसलीय हो आमची. पाच मिनिटं तिच्या हातात देतो आणि परत आणतो. हवं तर ह्यांना ठेवून घ्या तोवर.” तिने नवऱ्याकडे बोट दाखवले.

बाई काठी घेऊन मशीनकडे गेल्या. पट्ट्यावरून काठी आत सरकली आणि पडद्याकडे बघता बघता बाईंच्या भुवया कपाळात गेल्या. त्यांनी मोठ्या साहेबांना बोलावले. साहेब वाकले. त्यांनी बोटाने मोजले.

“नऊ,” साहेब म्हणाले. “आजोबा, मुठीत दात आहेत.”

“असणारच. हस्तिदंतच आहे तो.”

“हत्तीचे नाहीत. दाढा आहेत. माणसाच्या.”

अण्णांच्या मागच्या माणसाने आपली बॅग दोन पावले मागे ओढली.

“कोणाच्या आहेत या?” साहेबांचा आवाज बदलला. “मानवी अवशेषांचा फॉर्म वेगळा असतो. आणि पोलीसही वेगळे.”

“माझ्या वडिलांच्या काठीत… माणसाच्या?” अण्णांनी काउंटरची कड धरली. ज्या वडिलांच्या नावाने त्यांनी आयुष्यभर पोरांना धडे दिले, त्या वडिलांनी कोणाच्या तरी नऊ दाढा… त्यांना पुढचा विचारच करवेना. ते एकदम वाकलेले दिसले.

जावयाला एकतीस वर्षांत जे जमले नव्हते ते त्या वाकलेल्या पाठीने करून घेतले.

“माझ्या आहेत,” तो म्हणाला.

साहेबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्यात सगळ्या दाढा दिसत होत्या.

“म्हणजे मी भरल्यात. चिनीमातीच्या आहेत. मी कवळ्या करतो. अण्णा, मूठ माझ्या हातून मोडली होती. ही मी ओतलीय. दातांच्या पावडरीची आहे.”

“कधी?” लेकीने विचारले.

“आपलं लग्न झालं त्या वर्षी.”

“एकतीस वर्षं? आणि मलासुद्धा बोलला नाहीत? मी कपातली साखर कमी केली तरी तुम्ही शेजारपाजाऱ्यांना सांगून येता!”

अण्णा साहेबांकडे वळून शांतपणे म्हणाले, “हा खोटं बोलतोय. मला वाचवायला. मूठ हस्तिदंतीच आहे. तुम्ही जप्त करा.”

“आजोबा, ते तुमच्या फायद्याचं सांगताहेत.”

“फायदा नको. जप्त करा, पण पावतीवर ‘हस्तिदंत’ लिहून द्या. आक्काला पावती दाखवीन.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत जप्ती टाळण्यासाठी रडणारी माणसे साहेबांनी पुष्कळ पाहिली होती. जप्तीसाठी हट्ट धरणारा हा पहिलाच. त्यांनी तापवलेली सुई मागवली. सुई मुठीला टेकवताच ती लोण्यात जावी तशी आत गेली आणि दातांच्या दवाखान्यात येतो तो वास सुटला.

“प्लास्टिक,” साहेब म्हणाले. “पण नोंदीसाठी तुलना लागेल. हाच माल दुसरा कुठे मिळेल?”

जावयाने मान खाली घातली. “अण्णांच्या तोंडात आहे. कवळी मीच केलीय. दातांना पावडर तीच.”

अण्णांना कवळीशिवाय सख्ख्या लेकीनेही पाहिले नव्हते. त्यांनी पाठ फिरवली, रुमाल तोंडाशी नेला, आणि एखादी पदवी परत करावी तशा गांभीर्याने कवळी ट्रेमध्ये ठेवली. निळ्या दिव्याखाली मूठ आणि कवळी सख्ख्या बहिणींसारख्या एकाच रंगात चमकल्या. कवळी नमुना म्हणून पाकिटात गेली. पाकिटाला सील लागले. तीन दिवसांनी घेऊन जा, साहेब म्हणाले.

आता कुठे अण्णांना राग आला. एकतीस वर्षांचा राग. ते जावयाकडे वळले, बोट उगारले, तोंड उघडले. आतून नुसती हवा आली. शब्द सगळे पाकिटात गेले होते.

“बोला अण्णा, काय हवं ते बोला,” जावई हात जोडून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

अण्णांनी बोट खाली घेतले.

“काठी घेऊन जा आजोबा,” बाई म्हणाल्या. “हस्तिदंत असता तर जप्त झाली असती. नाही, म्हणून मोकळी. पण मग फॉर्मवर जे लिहिलंत ते खोटं ठरतं. खोटं निवेदन केल्याचा दंड पडेल.”

“माझ्या नावावर लिहा,” जावई घाईने म्हणाला. “खोटं माझं आहे.”

“ज्याची सही, त्याचा दंड.”

चाळीस वर्षे खरे बोला म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या हातात खोटे बोलल्याची पावती आली. त्यांनी ती दोनदा वाचली, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

काचेचे दार उघडले. आक्काने हात पुढे केले. अण्णांनी काठी त्या हातांत ठेवली आणि गुन्हेगारासारखे बाजूला उभे राहिले. म्हातारीने मुठीला हातही लावला नाही. तिची बोटे मुठीखालच्या लाकडावर चाचपत गेली आणि एका जागी थांबली. तिथे चार बारीक खाचा होत्या.

“हे माझे दुधाचे दात,” ती म्हणाली. “बाबांच्या मांडीवर बसून चावायची मी काठी. तीच आहे. हो, तीच.” तिने लाकडावर गाल टेकला.

जावयाला राहवेना. तो खुर्चीपाशी वाकला. “आत्या, मूठ मात्र तीच नाही. माझ्या हातून मोडली. हस्तिदंती मूठ होती, आणि मी…”

“हस्तिदंती?” आक्काने मान वर केली. “आमच्याकडे? अरे, घरात दोन वेळच्या जेवणाची मारामार होती. बाबा मिळेल ती मूठ बसवायचे. शेवटची तर मोडक्या छत्रीची होती.”

“मग तो राजा? तो चिखलातला हत्ती?” लेकीने विचारले.

“तो होय!” म्हातारी ओशाळून हसली. “आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा. झोपायचाच नाही. उशाशी काठी होती, समोर हे रडणारं पोर. सुचेल ते सांगत गेले झालं.”

अण्णांनी खिशात हात घातला, पावतीच्या चार घड्या उलगडल्या आणि ती तिच्या मांडीवर ठेवली.

“काय गं हे? मला दिसत नाही.”

“दंड आहे आत्या,” लेक म्हणाली. “खोटं बोलल्याचा.”

आक्काने पावतीवरून हात फिरवला. “पंचाहत्तर वर्षांनी पकडलंस होय रे मला?” मग काठी अंगाशी घेऊन ती हळूच म्हणाली, “पण बाळ, झोप तरी लागायची ना तुला?”

अण्णांनी तोंडावरचा रुमाल काढला, आणि लेकीदेखत, जावयादेखत, दात नसलेल्या तोंडाने हसून मान डोलावली.