माझ्या वतीनं भलतीच हो म्हणाली

“तो होकार माझा नव्हता!” मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कात्री आपटून म्हणाले.

“पण आई, मागच्या सीटवरून आला ना!” चिरंजीव म्हणाला. “मला काय माहीत तिथं कोण बसलंय?”

“काय माहीत? पन्नास वर्षं झाली तुला, आणि स्वतःची आई ओळखता येत नाही?”

“शाल तीच होती.”

“शाल तुला जन्म देते का रे?”

सूनबाई ओट्यापाशी टोमॅटो चिरत होती. ती नर्स आहे, तिला आरडाओरड्यात हात स्थिर ठेवायची सवय आहे. आमचं भांडण तासभर चाललं होतं आणि आता कुठं त्याला रंग चढत होता.

वाचकहो, तुम्ही मधेच आलात, तर आधी काय घडलं ते सांगते. माझ्या बाजूनंच सांगेन. दुसरी बाजू चुकीची आहे.

आमच्या घरात एक नियम आहे. माझ्या होकाराशिवाय मोठी वस्तू उंबरठ्याच्या आत येत नाही. फ्रिज आला तेव्हा मी त्याचं दार चाळीसदा उघडून मिटून पाहिलं होतं. पलंग आला तेव्हा त्यावर दुकानातच झोपले होते (खरंच झोप लागली, पण तो मुद्दा वेगळा). या होकारावर माझं घरातलं सगळं वजन आहे. शिलाईचं दुकान बंद केलं, डोळे अधू झाले, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. उरला आहे तो एक होकार. तोही कुणी परस्पर वापरला तर मी या घरात कोण? मागच्या सीटवरचं गाठोडं?

तर चिरंजीवाच्या मनात नवी गाडी भरली. पाणीखात्यात कारकून आहे, दिवसभर नळाचे अर्ज बघतो, त्यामुळे कशानंही भुलतो. एक चकचकीत पुस्तिका घेऊन आला. मी ती अथपासून इतिपर्यंत वाचली. मी शाळेत गेले नाही. शाळाच माझ्याकडे यायची, गणवेश शिवून घ्यायला. वाचायला मी तिसाव्या वर्षी शिकले, रद्दीच्या कागदावर कापडाचे आराखडे आखता आखता. कापायचंही कुणी शिकवलं नाही. एक जुना कोट उसवला, परत शिवला, आणि उरलेल्या तुकड्याचं काय करायचं याचा विचार करत धंद्यात पडले. म्हणून मला कुणी काट-छाट शिकवू नये. माणसांची नाही आणि गाडीचीही नाही.

“याला काय म्हणतात?” मी पुस्तिकेवर बोट ठेवलं.

“क्रॉसओव्हर.”

“म्हणजे?”

“म्हणजे कारही आणि जीपही.”

“म्हणजे धड ही नाही आणि धड ती नाही. तुझे काका तसेच होते.”

रविवारी आम्ही तिघं शोरूमला गेलो. मी पर्समध्ये टेप घेतला. आत इतका गारठा की मी राखाडी शाल अंगभर लपेटून घेतली. तिथं टाय लावलेला एक गृहस्थ आला. वय पंचेचाळीसच्या पुढं, पण मला ‘आजी’ म्हणाला. (तिथंच त्याचे निम्मे गुण गेले.)

गाडी बघितली आणि मला त्या कंपनीची काळजी वाटली. भुवया असाव्यात तिथं डोळे, आणि खरे दिवे खाली हनुवटीवर. पुढची जाळी एवढी मोठी की गाडी दात विचकून उधारी मागायला आल्यासारखी दिसत होती. दोन्ही अंगांना नुसत्या चुण्या. ओला शर्ट बोळा करून फेकावा तशा. छत मागं जाता जाता असं घसरत गेलं होतं की मागे बसणाऱ्याला डोकं असतं हे कुणी कंपनीला कळवलंच नव्हतं. आणि चारही चाकांभोवती काळ्या प्लास्टिकची पट्टी.

“हे काय?” मी विचारलं.

“तो रगेड लुक आहे, आजी.”

“याला आमच्याकडं कापड कमी पडणं म्हणतात. गिऱ्हाईक जाड झालं की काखेत असा जोड लावतात. आम्ही निदान त्याच रंगाचा शोधतो.”

“ही आमची डिझाइन लँग्वेज आहे.”

“मग कुणीतरी तिला जरा हळू बोलायला सांगा.”

चिरंजीव मला कोपरानं ढोसत होता. मी मोजायला घेतलं. त्या शोरूममध्ये एकाच कंपनीच्या चार गाड्या होत्या: धाकटी, मधली, थोरली, आणि ही नवी, जी म्हणे मधली आणि थोरली यांच्या मधली. मी टेप लावला. मधलीपेक्षा ही साडेतीन इंच लांब.

“साडेतीन इंच?” मी म्हणाले. “एवढी तर आम्ही शिवणीत माया सोडतो! पोरगं वाढलं की उसवून मोकळी करायला! एकाच ताग्याचे चार गणवेश शिवलेत तुम्ही. एक चौथीचा, एक पाचवीचा, एक सहावीचा, आणि हा पाचवी आणि सहावीच्या मधल्या इयत्तेचा. ही इयत्ता कुठल्या शाळेत असते?”

टायवाला म्हणाला, प्रत्येक गाडीचं गिऱ्हाईक वेगळं असतं. मी म्हणाले, गिऱ्हाईक वेगळं असतं, पण तुम्हाला ते ओळखू येत नाही म्हणून तुम्ही चार बाजूंनी जाळं टाकलंय. मग मी मधलीच्या बॉनेटवर थाप मारून जाहीर केलं, “ही खरी गाडी. साधी, सरळ, शिवण पक्की. घ्यायची तर ही.”

“आई, मला नवी हवीय,” चिरंजीव म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला. पन्नाशीत पाय आपटला.

मी म्हणाले, “घरी जाईपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही.” आणि कानातलं ऐकायचं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं. ज्यांना ऐकायचं नसतं ते कानात बोटं घालतात; माझी सोय अधिक चांगली आहे.

बाहेर दारात चालवून बघायला गाडी लावली होती. राखाडी रंगाची. मी मागचं दार उघडलं, बसले, तोंड खिडकीकडं केलं आणि मूर्तीसारखी स्थिर झाले. थोड्या वेळानं पुढं दोघं येऊन बसले, गाडी निघाली. मी वळून बघितलं नाही. (मी रुसले की पक्की रुसते. रुसव्यात शिलाई सैल ठेवून चालत नाही.)

चौक गेला, पूल आला. मग मात्र माझ्या नजरेस चिरंजीवाचं डोकं पडलं. मागून साफ टक्कल! माझ्या काळजात चर्र झालं. सकाळी तर केस होते! म्हटलं, एका गाडीसाठी पोरानं एवढी काळजी केली की केस गळाले? मन द्रवलं. पण मन द्रवलं म्हणून मत थोडंच बदलतं? मी मौन सोडलं आणि त्याच्या भल्यासाठी सगळं सांगून टाकलं.

“ही गाडी घेऊ नकोस,” मी म्हणाले. “हिची सीट बघ, मांडीखाली कापड संपतं. खिडकी एवढी वर की मला फक्त आकाश दिसतंय, आणि मला अजून तिकडं जायचं नाही. समोरचा टीव्ही डोळ्यांत घुसतोय. हिला नावं ठेवायला लोक येतील, आणि आपल्याला चहा करावा लागेल. ही घेतलीस तर मी पायी चालेन.”

गाडी कच्चकन थांबली. टक्कल वळलं. त्याला मिशी होती! शेजारची बाईही वळली; ती आमची सूनबाई नव्हती. तिचे ओठ हलत होते. मी घाईघाईनं यंत्र कानात घातलं, तेव्हा ती नवऱ्याला म्हणत होती, “अहो, पण या बोलल्या ते पटतंय हो मला.”

तुमच्या लक्षात आलं असेल. दारात एकसारख्या दिसणाऱ्या दोन राखाडी गाड्या उभ्या होत्या. एक आमच्यासाठी, एक या टक्कलवाल्यांसाठी. त्यांच्याही मागच्या सीटसाठी एक म्हातारी आली होती, तीही पांढऱ्या केसांची, राखाडी शालीतली. टायवाल्यानं त्या बाईंना हाताला धरून आमच्या गाडीत बसवलं, आणि मी स्वतःच्या पायानं त्यांच्या गाडीत जाऊन बसले.

आम्ही शोरूमला परतलो तेव्हा आमची गाडी आधीच येऊन उभी होती. त्यातून ती म्हातारी उतरत होती, गोड हसत, आणि चिरंजीव उड्या मारत टायवाल्याकडं जात होता. झालं होतं असं. वाटेत यानं विचारलं, “आई, कशी वाटते?” मागून उत्तर आलं, “छान आहे हो बाळा.” यानं विचारलं, “घेऊ?” उत्तर आलं, “घे की.” यानं विचारलं, “रंग?” तर म्हणे, “तुला आवडेल तो.” चिरंजीवाचे डोळे भरून आले. स्टेअरिंगवरचं बटण दाबून यानं तिथल्या तिथं टायवाल्याला फोन लावला आणि ओरडला, “करा बुक! आई हो म्हणाली!”

(त्या बाई चष्मा घरी विसरल्या होत्या. त्या मला नंतर म्हणाल्या, “नव्या गाडीत बसल्यावर मुलाच्या डोक्यावर दाट केस दिसले हो, मग मी नाही कशी म्हणू?”)

टक्कलवाल्यानं त्याच दिवशी त्याची गाडी रद्द केली. माझ्या शब्दावर. परक्या माणसानं माझा शब्द मानला आणि पोटच्या पोरानं परक्या बाईचा! आता मला सांगा, मी कात्री आपटू नको तर काय करू?

“आणि एक सांगू?” चिरंजीव टेबलापलीकडून म्हणाला. त्याच्या हातात हुकमाचं पान होतं, तोंडावर दिसत होतं. “तू ज्या गाडीत बसून नावं ठेवलीस ना, ती मधली होती. तुझी ‘खरी गाडी’. साधी, सरळ, शिवण पक्की!”

मी कात्री पुन्हा उचलली.

“मग तेच म्हणतेय मी!” मी म्हणाले. “चाळीस वर्षं कापड हाताळलेल्या बाईला आत बसून फरक कळत नाही, म्हणजे फरक नाहीच. हा माझा दोष नाही, साडेतीन इंचांचा आहे.”

“म्हातारी माणसंही मागून सगळी सारखीच दिसतात, आई. मॉडेल तेच, नाव वेगळं.”

हे मात्र लागलं. मी सूनबाईकडं वळले. भांडणात साक्षीदाराला फार वेळ मोकळं सोडू नये.

“हा तर रस्त्याकडं बघत होता. पण तू? तू शेजारी रिकामीच बसली होतीस. माझ्या तोंडची भाषा सतरा वर्षं ऐकतेस. तुलाही मागं वळून बघावंसं वाटलं नाही?”

“वाटलं,” ती म्हणाली. “बघितलं.”

“कधी?”

“लगेच. यांचा फोन संपायच्या आत.”

चिरंजीवाचा चेहरा सुईतून धागा निसटावा तसा झाला. “तू मला बोलली नाहीस?”

“तुम्ही रडत होता. आणि गाडी चालवत होता.” तिनं सुरी बाजूला ठेवली. “मग शोरूममध्ये उतरल्यावर मी टायवाल्याला सांगितलं, नाव लिहू नका. बुकिंग झालेलं नाही. आईंचं खरं मत घरी गेल्यावर कळेल म्हटलं.”

“झालेलं नाही?” आम्ही दोघंही एकदम ओरडलो. दोघांचा सूर मात्र वेगळा होता.

मला विजय झाल्यासारखं वाटलं. मान ताठ झाली, कात्री खाली ठेवली. या घरात एक तरी माणूस माझा आवाज ओळखतं. मी चिरंजीवाकडं एक नजर टाकली, पदवीधर अडाण्याकडं टाकावी तशी, आणि सूनबाईला मुद्दाम, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, “बघ, कसं ओळखलंस गं तू, की ती मी नाही?”

सूनबाईनं हात पुसले आणि म्हणाली,

“आई, लग्न होऊन सतरा वर्षं झाली, तुमच्या तोंडून कशालाही ‘छान आहे’ ऐकलं नाही, म्हणून तो शब्द कानावर पडला तशी मी घाबरून मागं वळले, म्हटलं, अगं बाई, आमच्या आई गेल्या कुठं?”