बुडख्याची ओटी

लालासाहेबांनी कुपवाडहून जुनं मशिन आणलं, त्या दिवशी रंगूबाईंनी त्याला आधी हात जोडले आणि मग विचारलं, "आवं, पर ह्ये करतं काय?"

"झाडाचा बुडखा खातं," लालासाहेब म्हणाले. "रस्ता रुंद करायचा म्हनून झाडं तोडली, बुडखं तसंच हायती. जेसीबी लावला तर शेजारच्या भिंती पडत्यात. ह्ये मशिन जाग्यावर भुसा करतंय, भुसा!"

"आन् नोकरी?"

"पंधरा दिसांची रजा टाकलीया. धंदा बसला तर त्या गेटवर परत पाय ठेवायचा न्हाई."

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायचं म्हना की."

खरं दुखणं वेगळंच होतं. लालासाहेब सतरा वर्षं फौजेत होते आणि तिथले सलाम त्यांनी छाती पुढे काढून ठोकले. पेन्शनीत आल्यावर ते साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर उभे राहिले आणि तिथला सलाम मात्र काही केल्या अंगवळणी पडेना. सकाळी सातला मॅनेजरची गाडी यायची. मॅनेजर वयाने त्यांच्या पोराएवढा. काच खाली न घेता, मोबाइलवर बोलत तो आत जायचा आणि लालासाहेबांचा हात कपाळाशी तसाच राहायचा. एकदा तर गाडी पुढे गेल्यावर कळलं, मागच्या सीटवर कुणी नव्हतंच. ड्रायव्हर नुसती गाडी धुऊन आणत होता. रिकाम्या सीटला ठोकलेला तो सलाम त्यांच्या फार जिव्हारी लागला. आता उरलेल्या जन्मात कुणालाही सलाम ठोकायचा नाही, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आता मशिनबद्दल. पुढे दातेरी चाक, मध्ये इंजिन, मागे दोन मुठी. विकणारा अमृत हा कुपवाडचा वर्कशॉपवाला, आणि जुना माल विकणाऱ्याला जेवढं गोड बोलता यावं त्याहून थोडं जास्तच गोड बोलणारा.

"काका, डॉक्टरचं मशिन हाय. रविवारी तेवढं वापरायचं."

"डॉक्टरला बुडखं कशाला काढायचं असत्यात?"

"जनावरांचं डॉक्टर वो! मळा हाय न्हवं त्यांचा."

लालासाहेबांना हे पटलं. त्यांनी फौजी पद्धतीने तपासणी केली. रंग चकाकतोय, नट घट्ट आहेत, खाली तेलाचा थेंब नाही. दोरी ओढली आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. दोरी ओढायच्या आधी हात लावला होता, तेव्हाच ते गरम लागलं होतं. उन्हानं तापलं असेल, असं ते स्वतःशीच म्हणाले. मशिन शेडच्या आत, सावलीला होतं, हे त्यांना टेम्पोने कराड ओलांडल्यावर आठवलं.

पहिलं काम गावातच मिळालं. ऊसबागायतदार उदयसिंहांनी लांबलचक गाडी घेतली होती, आणि तिला त्यांच्या फाटकात वळायला नेमका एसटी थांब्यावरच्या चिंचेचा बुडखा आडवा येत होता. चिंच रस्त्याच्या कामात गेली होती. मागे उरलेल्या बुडख्यावर चौघं जण मांडी घालून बसतील एवढी जागा होती.

सकाळी अर्धं गाव जमलं. रंगूबाई ताट घेऊन आल्या. मशिनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग त्या बुडख्याकडे वळल्या, त्यावर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं आणि हिरवा खण, नारळ अन् ओंजळभर गहू ठेवून त्याची चक्क ओटी भरली.

"आगं, मशिनची पूजा झाली न्हवं? ह्याची कशाला?"

"हत्यार लावायच्या आधी झाडाला इचारावं लागतं."

"त्ये झाड ऱ्हायलंय का आता? बुडखा हाय त्यो!"

"बुडखा झाला म्हनून मान न्हाई व्हय?"

लालासाहेबांनी दोरी धरली.

नमनालाच घडाभर तेल गेलं. दोरी ओढून ओढून लालासाहेबांचा खांदा निखळायची वेळ आली. गावाने सल्ले दिले. कुणी म्हणालं प्लग पुसा, कुणी म्हणालं उलटं ओढा. शेवटी उदयसिंहांनी स्वतः झटका दिला तेव्हा मशिन गुरगुरलं, थरथरलं, आणि चाक बुडख्याला टेकायच्या आत त्याचा पट्टा तुटून उदयसिंहांच्या फाटकावर जाऊन लटकला. लालासाहेब तसेच एसटीत बसले आणि कुपवाडला गेले.

वर्कशॉपला कुलूप होतं. अमृत सासरवाडीच्या जत्रेला जतला गेलेला. तो येईपर्यंत लालासाहेब सांगलीत विश्रामबागेला पाहुण्यांकडे तीन दिवस चहा पीत बसले. चौथ्या दिवशी अमृतने नवा पट्टा दिला आणि निरागसपणे सांगितलं, "काका, इंजिन आदुगर तापवून घ्यायचं असतंय. तुमी येनार म्हनून मी न्हाई का सकाळपास्नं चालू ठेवलं हुतं!"

लालासाहेब गावात उतरले आणि थांब्यावरच थबकले. बुडख्यावर पत्र्याचं छप्पर होतं. झेंडूच्या माळा, पाच-सहा खण, तेवता दिवा. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून पाया पडून आला. थांब्यावर भाजी विकणाऱ्या बनाबाईंच्या पाटीत आज भाजीपेक्षा नारळ जास्त होते.

"बनाबाई, ह्ये काय?"

"आवं, ओटी भरल्याली देवी उघड्यावर ठिवायची व्हय? बायकांनी बगितली, पाया पडल्या. छप्पर म्याच घाटलं."

"ओटी माझ्या बायकूनं भरलीया!"

"म्हनून तर सगळ्यांस्नी पटलं. रंगूबाई उगं कुनाची ओटी भरायची न्हाई."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. लालासाहेब मशिन घेऊन आले तोवर परत गाव जमलं. उदयसिंहांनी टोपी सारखी केली. "हे बघा, मी काढा बी म्हनत न्हाई, नगा बी म्हनत न्हाई. तुमचं तुमी ठरवा."

रजेचे दोन दिवस उरले होते. पहिलंच काम सोडलं तर दुसरं कोण देणार? सोमवारी सातला परत ते गेट, ती काच, तो सलाम. लालासाहेबांनी घरीच इंजिन कसंबसं चालू करून नीट तापवून घेतलं होतं. पट्टा बसवून झटका दिला, आणि एवढे दिवस रुसलेलं मशिन पहिल्या झटक्याला धडाडलं. गर्दी दोन पावलं मागे सरली. एकट्या रंगूबाई पुढे आल्या. त्यांनी माळा उचलल्या, खण उचलले, दिवा बाजूला ठेवला.

"काढा," त्या म्हणाल्या. "देवी न्हाई ही. ओटी म्या भरली, मला ठावं हाय."

"मग भरलीस कशाला?"

"सतरा वर्सं तुमी रजा संपवून ह्या थांब्यावरनं जायचा. यस्टी दिसंनाशी हुस्तवर मी हिला टेकून हुबी ऱ्हायची. रडल्यालं कुनाला दिसू न्हाई म्हनून हिच्याकडं तोंड करायची. सासूला ठावं न्हाई, आईला ठावं न्हाई, हिला एकलीला ठावं. तिला तसंच कसं जाऊ द्यायचं? म्हनून भरली. झालं माझं. आता काढा तुमी."

लालासाहेबांना एसटीच्या खिडकीतून दिसणारी चिंच आठवली. तिच्या सावलीत पाठमोरी उभी राहिलेली बायको आठवली. ही वळून बघत का नाही, म्हणून प्रत्येक वेळी त्यांना थोडा रागच यायचा. त्यांनी हात पुढे केला आणि मशिन बंद केलं.

"पट्टा बरूबर न्हाई बसला," ते म्हणाले. रंगूबाईंनी माळा परत जागच्या जागी ठेवल्या.

धंदा बुडाला असं समजून लालासाहेबांनी रविवारी गेटवरचा गणवेश इस्त्री करायला काढला, तेवढ्यात फोन वाजला. मग दुसरा. मग तिसरा.

"लालासाहेब, आमच्या दाराम्होरं बाभळीचा बुडखा हाय. ताबडतोब या! कुनी हळदकुंकू लावायच्या आत भुसा झाला पायजे."

"येतो की."

"आन् एक इनंती. वैनींस्नी संगं आनू नगा."

संध्याकाळपर्यंत अकरा कामं आली. दाराशी, बांधाशी, गोठ्याशी बुडखा असलेला एकेक माणूस आपली जागा देवाच्या ताब्यात जाण्याआधी वाचवायला धडपडत होता. उदयसिंहांनी मात्र निमूटपणे फाटक पाडून पलीकडच्या बाजूला घेतलं.

सोमवारी सकाळी सातला लालासाहेब मशिन टेम्पोत टाकून निघाले. थांब्यावर रंगूबाई फुलं वाहत होत्या. लालासाहेबांनी टेम्पो थांबवायला लावला, खाली उतरले, टाचा जुळवल्या आणि बुडख्याला कडक सलाम ठोकला.

रंगूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "कुनालाबी सलाम ठोकायचा न्हाई म्हनला हुतासा न्हवं?"

"ही शिनियर हाय," लालासाहेब म्हणाले. "माझ्या माघारी माझी डूटी हिनंच केली."